अँटीबॉडी धरते फांद्यांनी, काम होते बुंध्याने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पावसाळी तापांवर लेख आला. साठवलेल्या पाण्यातल्या अळ्या, ताप आल्यावर कितव्या दिवशी कोणती तपासणी करायची, हा भाग नेटका होता आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकांना कामाचा होता. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीबद्दल. अँटीबॉडी जंतूला चिकटून त्याचा नाश करतात, म्हणून रक्तात त्या जितक्या जास्त तितके संरक्षण जास्त, असे तिथे छापले आहे. शेजारच्या चित्रात वाय आकाराची अँटीबॉडी काढून तिच्या बुंध्याला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन रिसेप्टर (पेशीवरची, अँटीबॉडीला धरणारी प्रथिने) चिकटवले आहेत. मजकूर अर्धा बरोबर आहे. चित्र साफ चुकले आहे. सर्पदंशावरची लस आणि आरएच निगेटिव्ह बाळंतिणीचे इंजेक्शन या दोन्ही गोष्टी त्या बुंध्यावर अवलंबून असल्याने हे सविस्तर लिहीत आहोत.

रक्तात सर्वाधिक असणारी अँटीबॉडी म्हणजे आयजीजी. वजन सुमारे १,५०,००० डाल्टन. दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या. वरच्या दोन फांद्या म्हणजे फॅब; त्यांची टोके जंतूचा किंवा विषाचा ठरावीक भाग पकडतात. खालचा बुंधा म्हणजे एफसी. दोहोंच्या मध्ये लवचिक बिजागरी. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये पपईतल्या पपेन या पाचकरसाने आयजीजी कापून हे तुकडे वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये त्यांना आणि जेराल्ड एडलमन यांना नोबेल मिळाले. फांद्यांची टोके माणसागणिक आणि जंतूगणिक बदलतात, पण आयजीजीच्या एका उपप्रकारात बुंधा जवळपास तोच असतो. शरीराच्या पेशी ओळखतात तो हाच बुंधा.

म्हणजे नाश कोण करते? काही वेळा नुसते पकडणे पुरते: विषाणूचा पेशीत शिरायचा भाग झाकला गेला, विषाचा रेणू जखडला गेला की काम झाले. पण जिवाणू गिळणे, संसर्ग झालेली पेशी मारणे, गुंडाळलेल्या लाल पेशी प्लीहेत गाळून काढणे ही कामे भक्षक पेशी आणि एनके पेशी (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) करतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे एफसी-गॅमा रिसेप्टर अँटीबॉडीचा बुंधा धरतात आणि मगच पेशीला आत आज्ञा जाते. रिसेप्टरही एका जातीचे नाहीत. पकड मोजतात ती रिसेप्टर निम्मे भरायला किती अँटीबॉडी लागते यावर; जितकी कमी, तितकी पकड घट्ट. पहिल्या प्रकारची पकड घट्ट, नॅनोमोलारच्या घरातली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांची सैल, त्याच्या हजारपट म्हणजे मायक्रोमोलारच्या आसपासची. दुसऱ्या प्रकारातला ‘बी’ तर पेशीला चालना देण्याऐवजी आवरतो.

आता ही पकड नेमकी कुठे बसते ते. म्युनिकजवळच्या रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने २००० साली मानवी एफसी आणि तिसऱ्या प्रकारचा रिसेप्टर यांच्या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. बुंध्यात दोन्ही जड साखळ्यांचे प्रत्येकी दोन गोळे असतात: वर सीएच-२, खाली सीएच-३. अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. सीएच-३ची जोडी म्हणजे खिळ्याची, घट्ट जुळलेली बाजू. सीएच-२ म्हणजे उघडी पाती. रिसेप्टर येऊन बसतो तो पात्यांच्या उघड्या टोकांशी, बिजागरीच्या अगदी खालच्या अंगाला. तिथे २३४ ते २३७ या क्रमांकांवर ल्यूसिन, ल्यूसिन, ग्लायसिन, ग्लायसिन अशी चार अमिनो आम्ले आहेत. थोडे खाली एका पात्यावरचे ३२९ क्रमांकाचे प्रोलिन रिसेप्टरच्या दोन ट्रिप्टोफॅनच्या चपट्या वलयांमध्ये दाबून बसते. त्याच वेळी समोरच्या पात्याचा वेगळाच भाग रिसेप्टरच्या दुसऱ्या अंगाला टेकतो. पाती दोन आणि अगदी सारखी, तरी बसणारा रिसेप्टर एकच; तो बसला की दुसऱ्याला त्याच बुंध्यावर जागा उरत नाही. आपल्या चित्रातली मोठी चूक ती हीच. २३४ आणि २३५ची ल्यूसिन बदलून तिथे अलॅनिन घातले की पकड फारच ढिली होते. औषधनिर्मितीत हा बदल मुद्दाम करतात. अमेरिकेत २०२२ मध्ये मधुमेहाच्या पहिल्या प्रकारासाठी मान्यता मिळालेल्या टेप्लिझुमॅबमध्ये तो आहे, कारण तिथे टी-पेशी मारायच्या नसून आवरायच्या आहेत.

एका बुंध्याला एकच रिसेप्टर, ही किरकोळ बाब वाटेल, पण सगळी सुरक्षा त्यावर उभी आहे. प्रौढ माणसाच्या रक्तात दर १०० मिलिलिटर सीरममध्ये साधारण ७०० ते १६०० मिलिग्रॅम आयजीजी असते. हिशेब केला तर सुमारे ६५ मायक्रोमोलार, म्हणजे सैल रिसेप्टर निम्मे भरायला जेवढी लागते त्याच्या कित्येक पट. घट्ट रिसेप्टर तर कायम भरलेलेच. मग निरोगी माणसाच्या भक्षक पेशी रात्रंदिवस पेटून का उठत नाहीत? कारण एकटी अँटीबॉडी येते, बसते, सुटते. तिला दोन रिसेप्टर एकमेकांजवळ खेचता येत नाहीत. जंतूच्या अंगावर शेकडो अँटीबॉडी दाटीने बसल्या की पेशीवरचे अनेक रिसेप्टर एका जागी गोळा होतात, त्यांच्या आतल्या शेपट्यांवर फॉस्फेट चढते, सिक नावाचे एन्झाइम येऊन चिकटते आणि गिळण्याची किंवा मारण्याची क्रिया सुरू होते. दाटी हीच खूण. रक्तात पूरक प्रथिनांची म्हणजे कॉम्प्लिमेंटची साखळी चालू करणारे सी-१-क्यूही तसेच: सहा आयजीजी बुंधे जवळजवळ आले की ते पक्के बसते.

औषधाची बाटली हाताळताना काय बिघडते, तेही यावरून कळते. इम्युनोग्लोब्युलिनची बाटली फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठली किंवा जोरजोरात हलवून फेस काढला, की रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात. गोळा म्हणजे जंतूशिवायची दाटी. रिसेप्टरला आणि सी-१-क्यूला फरक कळत नाही. रुग्णाला थंडी वाजून ताप, रक्तदाब खाली. खान्देशातला मे महिना बघता सगळे उष्णतेला घाबरतात, आणि द्रवरूप बाटली २ ते ८ अंशांतच हवी हे खरेच. पण आयजीजीचा सगळ्यात नाजूक सीएच-२ गोळाही सुमारे ७० अंशांना उलगडतो. उन्हात बाटली दिसायला ठीक आणि आतून हळूहळू खराब होते, गोठलेली मात्र एका रात्रीत वाया जाते. दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये बाटल्या मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नयेत, ते याच कारणाने.

दोन पात्यांच्या मध्ये, २९७ क्रमांकाच्या अ‍ॅस्पराजिनवर शर्करेची एक फांदी लागलेली असते. ती काढून टाकली की पाती नीट उघडी राहत नाहीत आणि एफसी-गॅमा रिसेप्टर जवळपास धरतच नाही. गाभ्यात सात शर्करा, शिवाय बुडाशी बहुधा फ्यूकोज नावाची एक छोटी शर्करा. आपल्या रक्तातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक आयजीजीवर हे फ्यूकोज असते. नसेल, तर तिसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरची पकड कैक पटीने वाढते. काही मोजमापांत ही वाढ ५० पटींपर्यंत गेली आहे. कारण पुन्हा जागेचेच. त्या रिसेप्टरवर १६२ क्रमांकाला स्वतःची एक शर्करेची फांदी आहे, ती अँटीबॉडीच्या शर्करेला बिलगू पाहते आणि फ्यूकोज मध्ये येते. अँटीबॉडीचा आकडा तोच, फांद्यांची पकड तीच, आणि एका शर्करेच्या फरकाने पेशीचा प्रतिसाद वेगळा.

त्या चौकटीतले ‘जितक्या जास्त तितके चांगले’ डेंग्यूत सर्वात जास्त फसते. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा एका प्रकाराने आजारी पडलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर जुन्या अँटीबॉडी नव्या विषाणूला अर्धवट धरतात. तो निकामी होत नाही, पण त्याला बुंधे मात्र लागलेले असतात. ते बुंधे मोनोसाइट या भक्षक पांढऱ्या पेशींच्या रिसेप्टरवर बसतात आणि विषाणूला त्याच पेशीत पोहोचवतात जिथे तो वाढतो. निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत २०१७ मध्ये दिसले की धोका वाढतो तो मधल्या पातळीला. अँटीबॉडी अजिबात नसताना किंवा भरपूर असताना तेवढा नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात गंभीर डेंग्यूच्या रुग्णांमध्ये फ्यूकोज नसलेल्या अँटीबॉडी अधिक आढळल्या. म्हणून डेंग्यू आयजीजी पॉझिटिव्ह आलेल्या वाचकाने ‘आता मला संरक्षण आहे’ असे समजू नये. त्या अहवालाचा अर्थ एवढाच की पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला असण्याची शक्यता आहे. या वेळी डॉक्टरांनी प्लेटलेट आणि पोटदुखी, उलट्या, सुस्ती या लक्षणांकडे जास्त बारकाईने पाहायला हवे.

आता सर्पदंश. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरपासून अक्कलकुवा, धडगावपर्यंत, कापूस आणि केळीच्या शेतांत, पेरणीपासून वेचणीपर्यंत, ही आपल्याकडची खरी गरज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी भारतीय लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. पण बाटलीत अखंड अँटीबॉडी नसते. पेप्सिन या पाचकरसाने आम्लात तिचा बुंधा कापून टाकलेला असतो आणि दोन्ही फांद्या बिजागरीने जोडलेल्या राहतात. पपेन बिजागरीच्या वर कापते म्हणून फांद्या सुट्या होतात. पेप्सिन खाली कापते म्हणून जोडी शाबूत राहते. विष धरायला फांद्या पुरेत. घोड्याचा बुंधा माणसाच्या शरीरात गेला तर फायद्यापेक्षा त्रास जास्त. एका मिलिलिटर लसीत नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचे ०.६, मण्यारचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करण्याची ताकद असते. बाटली १० मिलिलिटरची, म्हणजे घोणशीचे ६ मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या का लावतात, हे यातून कळेल. लहान मुलालाही तितक्याच, कारण मात्रा सापाच्या विषावर ठरते, रुग्णाच्या वजनावर नाही. ‘एवढ्या बाटल्या कशाला’ म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालणाऱ्या नातेवाइकांसाठी हे कात्रण ठेवून द्यावे.

ही लस देण्याआधी कातडीत थोडी टोचून ‘टेस्ट डोस’ बघायचा, ही समजूत अजून कायम आहे. ती का फोल आहे, तेही रिसेप्टरवरच ठरते. कातडीची चाचणी पकडते ती आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीतली वेगळ्या जातीची अँटीबॉडी. मास्ट पेशीवरचा एफसी-एप्सिलॉन रिसेप्टर आयजीईचा बुंधा विलक्षण घट्ट धरतो, नॅनोमोलारच्याही दहा पट घट्ट, आणि तासन् तास सोडत नाही. त्यामुळे मास्ट पेशी आधीच आयजीई लावून सज्ज असतात आणि अ‍ॅलर्जीचा पदार्थ टोचला की गांध उठते. पण सर्पदंशाच्या रुग्णाच्या अंगात घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई बहुधा नसतेच. लस देताना पहिल्या तासांत येणारी रिअ‍ॅक्शन प्रामुख्याने वेगळ्या वाटेने येते: रेणूंचे गोळे, उरलेसुरले बुंधे, कॉम्प्लिमेंट, आणि थंडीताप असेल तर अशुद्धी. टेस्ट डोस कोरा आला तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि त्या अर्ध्या तासात विष काम करत राहते. म्हणून चाचणी न करता, अ‍ॅड्रेनॅलिन आधी सिरिंजमध्ये भरून, रुग्णाजवळ बसून लस सुरू करायची. प्रौढाला अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. पूड विरघळवताना बाटली तळहातात गोल फिरवायची, हलवायची नाही. पुन्हा त्याच गोळ्यांमुळे.

बुंधा कापल्याची किंमतही असते. पेशींच्या आतल्या आम्लधर्मी पिशव्यांत एफसीआरएन नावाचा आणखी एक रिसेप्टर असतो. तो पात्यांच्या टोकाशी नाही, खिळ्याजवळ, सीएच-२ आणि सीएच-३च्या सांध्यावर बसतो. तिथली हिस्टिडिन आम्ले पीएच ६ ला भार घेतात म्हणून पकड होते, रक्ताच्या ७.४ ला भार जातो आणि अँटीबॉडी सुटून पुन्हा रक्तात येते. या परतीच्या वाटेमुळे मानवी आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवस. आयजीजी-३ मध्ये ४३५ क्रमांकाला बहुधा हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन असते, म्हणून ती आठवड्यात निम्मी होते. सापाच्या लसीतल्या बुंधा नसलेल्या जोडीला ही वाट बंदच, त्यामुळे ती लवकर निचरते. चाव्याच्या जागेतून विष मात्र रक्तात झिरपत राहू शकते. घोणस-फुरशाच्या रुग्णाचे रक्त दर सहा तासांनी, कोरड्या, कोऱ्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून गोठते का ते पुन्हा बघतात, यामागचे एक कारण हे. दुसरे कारण, यकृताला गोठणारी प्रथिने पुन्हा तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. नळी साबणाने धुतलेली असेल तर चाचणी खोटी ठरते. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधे आणि पुरळ आले तर तो सीरम सिकनेस: घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध रुग्णाने स्वतः अँटीबॉडी तयार केलेल्या असतात, आणि त्यांना बुंधा असतो. घरी सोडताना हे रुग्णाला सांगायला हवे.

उलट आरएच निगेटिव्ह आईला देतात ते अँटी-डी इंजेक्शन अखंड मानवी आयजीजी असते, आणि बुंधा नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. बाळाच्या डी-पॉझिटिव्ह (डी म्हणजे आरएच गटाची मुख्य खूण) लाल पेशी आईच्या रक्तात आल्या की अँटी-डी त्यांना धरते. डी-चे ठिपके लाल पेशीवर इतके विरळ असतात की सहा बुंधे एकत्र येऊन सी-१-क्यू बसत नाही. प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांना रिसेप्टरने धरून काढतात. ३०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा साधारण १५ मिलिलिटर लाल पेशींना पुरते. ती बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायची. २८व्या आठवड्यात दिलेली मात्रा बाळंतपणापर्यंत थोडीफार टिकते, ती २१ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे. आयजीजी वारेतून बाळाकडे जाते तीही एफसीआरएनच्याच वाटेने, आणि मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून कमी दिवसांच्या बाळाला आईकडून मिळालेला वाटा थोडा असतो.

लॅबच्या अहवालाबद्दल एक-दोन शब्द. एलायझा चाचणी मोजते ती फांद्यांची पकड. बुंध्याचा उपप्रकार, फ्यूकोज आहे की नाही, यातले काही त्या आकड्यात नसते. शिवाय संधिवाताच्या रुग्णाच्या रक्तातला र्‍हुमॅटॉइड फॅक्टर स्वतःच आयजीजीच्या बुंध्याला चिकटतो आणि आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला येणारी अँटीबॉडी) चाचणी खोटी पॉझिटिव्ह दाखवू शकतो. संधिवात असेल तर तसे लॅबला आधी सांगावे. तिसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरची जनुकीय तपासणी कोणी केलीच, तर १५८ आणि १७६ हे आकडे पाहून गोंधळू नये. जागा एकच आहे. एक मोजणी सुरुवातीची १८ आम्ले सोडून केलेली, दुसरी ती धरून. तिथे व्हॅलिन असेल तर पकड जरा घट्ट, फेनिलअलॅनिन असेल तर ढिली.

आपल्या चित्रकारांनी पुढच्या वेळी एक बुंधा आणि एकच रिसेप्टर, तोही बिजागरीच्या खाली, किंचित एका बाजूला, एवढे काढले तरी पुरे. खरी रचना बघायची असेल तर ती फुकट उपलब्ध आहे. प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर शोधाच्या चौकटीत १, ई, ४, के असे सलग, इंग्रजी अंकाक्षरांत लिहावे आणि त्रिमितीय दृश्य उघडावे. साध्या मोबाइलवरही चालते. साखळ्यांनुसार रंग दिले की ए आणि बी म्हणजे एफसी, सी म्हणजे रिसेप्टर. ३२९ क्रमांकाचे प्रोलिन निवडून जवळ गेले की दोन ट्रिप्टोफॅन त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील. या नोंदीतला रिसेप्टर जिवाणूत तयार केलेला असल्याने त्यावर शर्करा नाही, त्यामुळे १६२ची फांदी इथे शोधू नये. त्यासाठी ३, ए, वाय, ४ ही नोंद उघडावी. तिथे फ्यूकोज नसलेला एफसी आणि शर्करेसह रिसेप्टर असे दोघे एकत्र आहेत. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनी वर्गात दाखवायला दहा मिनिटे पुरतात.

आपले,
जीवरसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्राचे काही अध्यापक,
जळगाव